नकली घड्याळ, नकली बियाणे आणि अस्सल कायदा

वस्तू अस्सल आहे की नकली हे ओळखण्याची सर्वांत अधिक गरज समाजात कोणाला असते, आणि ते ओळखण्याची साधने कोणाच्या हाती असतात, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच यायला हवे. प्रत्यक्षात ती दोन उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभी असतात. लाखो रुपयांच्या परदेशी घड्याळाची पारख करणारे तज्ज्ञ, त्याच्या नावाला जपणारे वकील आणि छापे घालणारे पोलीस महानगरात सदैव सज्ज असतात. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने जूनमध्ये विकत घेतलेल्या बियाण्याच्या पिशवीत काय आहे, हे मात्र त्याला पेरल्यानंतरच, आणि तेही मातीकडून कळते. या विषमतेचा विचार करायचा तर आरंभ घड्याळापासूनच केला पाहिजे. नकलीपणा पकडायचा असे व्यवस्थेने एकदा मनावर घेतले, की तो किती बारकाईने पकडता येतो, याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

उंची घड्याळाच्या पारखीचे आता एक शास्त्रच झाले आहे. पहिली कसोटी सेकंदकाट्याची. यंत्रावर चालणाऱ्या आधुनिक स्विस घड्याळाचे चक्र बहुधा तासाला २८,८०० स्पंदने घेते, म्हणजे सेकंदाला आठ; त्यामुळे काटा एकसारखा सरकत असल्याचा भास होतो. सेलवर चालणाऱ्या स्वस्त नकलेत तोच काटा दर सेकंदाला एक उडी घेतो. दुसरी कसोटी काचेची. रोलेक्सच्या पुष्कळ घड्याळांत तारखेच्या खिडकीवर एक छोटे भिंग बसवलेले असते आणि त्यातून आकडा अडीच पट मोठा दिसतो. नकलेतील भिंग अनेकदा आकडा पुरेसा मोठा करीत नाही किंवा ते किंचित तिरके बसलेले असते. काच कृत्रिम नीलमण्याची असल्याने तिच्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही. तिसरी कसोटी छपाईची आणि कोरीवकामाची: अक्षरांच्या कडा, त्यांमधील अंतर, तबकडीवरील खुणांची सरळ रेषा आणि अनुक्रमांकाची सफाई भिंगाखाली तपासली जाते.

या सर्व कसोट्यांना अर्थात मर्यादा आहेत. काही अस्सल उंची घड्याळेही सेलवर चालतात, आणि सराईत नकलाकार आता आपल्या मालात स्वयंचलित मशीन बसवतात. अनुक्रमांकही नकलला जातो. एकच क्रमांक अनेक घड्याळांवर कोरलेला सापडतो. हमीपत्र आणि डबी यांची नकल तर घड्याळाच्या नकलेहूनही सोपी. म्हणून जाणकार घड्याळजी अखेरीस एकच गोष्ट करतो: पाठीमागचे झाकण उघडतो आणि आतले मशीन पाहतो. बाहेरचा साज खोटे बोलू शकतो. आतली चक्रे, त्यांचे घडणे आणि त्यांवरील खुणा सहसा खोटे बोलत नाहीत.

हाच नियम पुढे नेला आणि घड्याळाच्या झाकणाप्रमाणे ‘अस्सल’ या शब्दाचेही झाकण उघडले, तर काय दिसते? तबकडीवर ‘स्विस मेड’ ही दोन अक्षरे असली की ग्राहक माथा टेकतो. स्वित्झर्लंडच्या १ जानेवारी २०१७ पासून अमलात आलेल्या नियमानुसार, घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग त्या देशात झालेला असला की ही अक्षरे छापता येतात. उरलेला ४० टक्क्यांपर्यंतचा खर्च जगात अन्यत्र, स्वस्त मजुरीच्या देशांतही झालेला असू शकतो. याचा अर्थ असा, की अस्सलपणाची रेघ निसर्गाने आखलेली नसून कायद्याने आखलेली असते, आणि ती कोठे आखायची हे उद्योगाच्या हिताच्या हिशेबाने ठरते.

मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कारखानदारीतील श्रमविभागणी समजावून सांगताना घड्याळाचेच उदाहरण घेतले होते आणि त्याच्या एकेका सुट्या भागासाठी राबणाऱ्या कारागिरांची लांबलचक यादी दिली होती. त्या यादीतील हातांची किंमत आणि दुकानातल्या काचेआडची किंमत यांच्यामध्ये जी दरी आहे, ती नावाने भरलेली आहे. वेळ सांगण्याचे काम काही शे रुपयांचे सेलचे घड्याळही तितकेच, किंबहुना अधिक अचूकपणे करते. लाखो रुपये मोजले जातात ते वेळेसाठी नव्हेत. ते इतरांना ती घेता येऊ नये यासाठी मोजले जातात. नकलाकार चोरतो ते पोलाद नव्हे आणि कारागिरीही नव्हे. तो हे दुर्मीळपण चोरतो. म्हणूनच त्याच्यावरील राग इतका तीव्र असतो.

घड्याळाचा असा विचार या देशाने नेहमीच केला होता असे नाही. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. तोवर घड्याळ ही परदेशी वस्तू होती. ती एक तर आयात होऊन येई किंवा चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्याला लागे. एचएमटीने ती शिक्षकाच्या, कारकुनाच्या, एस.टी. कंडक्टरच्या मनगटावर आणली. तिच्या एका घड्याळाचे नावच ‘जनता’ होते: चावी देऊन चालणारे, साध्या तबकडीचे, गावच्या घड्याळजीला दुरुस्त करता येईल असे. निवृत्तीच्या दिवशी कामगाराला आणि लग्नात जावयाला तेच दिले जाई. घड्याळ प्रतिष्ठेचे होते, यात शंका नाही. परंतु ती प्रतिष्ठा वाटून घेता येण्याजोगी होती.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. तिच्या अधोगतीला खासगी स्पर्धा, सेलच्या घड्याळांकडे वळण्यात झालेली दिरंगाई आणि सरकारी अनास्था अशी अनेक कारणे होती. ती झाकण्याचे कारण नाही. योगायोग असा, की त्यानंतर महिन्याभरातच त्याच कर्नाटकात तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मनगटावरील हुब्लो बनावटीच्या, सुमारे ७० लाख रुपये किमतीच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या घड्याळावरून वादळ उठले. ते एका डॉक्टर मित्राने दिलेली भेट आहे, असे त्यांनी सांगितले आणि मार्च २०१६ मध्ये राज्याची मालमत्ता म्हणून ते विधानसभाध्यक्षांच्या स्वाधीन केले. सिद्धरामय्या लोहियांच्या विचारांच्या मुशीतून राजकारणात आले होते, म्हणून समाजवादी कार्यकर्त्याला ही घटना अधिक बोचते. ‘जनता’ घडवणारे कारखाने मोडीत निघत असताना त्याच राज्यातील चर्चा मनगटावरच्या हुब्लोची होती. एका व्यक्तीला दोष देऊन हा प्रश्न संपत नाही. सार्वजनिक जीवनातील माणसाची प्रतिष्ठा मनगटावर मोजली जाऊ लागली, हा खरा पराभव होता.

आणि पुढचा विपर्यास असा, की बंद पडलेल्या एचएमटीचीच आता नकल होते. जुन्या घड्याळांची केसे, कोठली तरी मशीने आणि नव्याने छापलेल्या भडक रंगांच्या तबकड्या एकत्र करून ‘जुने, दुर्मीळ’ म्हणून माल विकला जातो. परदेशी संग्राहकांच्या बोलीत अशा जोडकामाला ‘मुंबई स्पेशल’ असे नाव पडले आहे. कारखान्याने कधीही न वापरलेला रंग, फिसकटलेली अक्षरे, मशीनशी न जुळणारी पाठ, या त्याच्या खुणा. जे जनतेसाठी होते ते मेल्यावर संग्रहाची वस्तू होते आणि संग्रहाची वस्तू झाली, की तिची बनावट निघते, हा बाजाराचा नियम येथेही चुकला नाही.

आता गंगाखेडकडे वळावे. गोदावरीकाठचे हे गाव दळणकांडण करणाऱ्या जनाबाईच्या नावाने महाराष्ट्राला ठाऊक आहे. तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील वस्त्यांमधून आणि तांड्यांमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे आणि गाडी भरेपर्यंत थांबायचे नाही. त्यांच्या दिवसाला घड्याळ नाही, कारण त्यांच्या श्रमाची मोजणी तासांत होतच नाही. अशाच घरातला एखादा तरुण पुण्या-मुंबईला कामाला गेला, की परत येताना त्याच्या मनगटावर एखादे ‘फर्स्ट कॉपी’ रोलेक्स असते. लग्नाच्या मानपानात जावयाच्या अंगठीबरोबर जे घड्याळ येते, तेही आता मोठ्या नावाचे हवे असते. खरे परवडणे शक्यच नसल्याने नकली येते, आणि पुष्कळदा तेही उसनवारीवर येते.

या तरुणाला कोणी फसवलेले नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. हजार-दीड हजारात रोलेक्स मिळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याला सेकंदकाट्याची कसोटी शिकवण्याची गरज नाही. काही मित्र येथे म्हणतात, की नकली घड्याळ घालणे ही गरिबाने श्रीमंताची केलेली टवाळी आहे, ते एक मूक बंड आहे. हे म्हणणे आकर्षक असले तरी चुकीचे आहे. टवाळी करणारा ज्याची टवाळी करतो त्याच्यासारखा दिसण्यासाठी धडपडत नाही. नकली घड्याळ हे बंड नसून खंडणी आहे: ज्या प्रतिष्ठेने त्याला दाराबाहेर ठेवले, तिलाच त्याने आपल्या मजुरीतून भरलेली खंडणी. शिवाय नकलांचा धंदा हा काही गरिबांचा सहकार नव्हे. त्यामागे मोठे व्यापारी, आयातीच्या साखळ्या आणि ठरलेल्या हिश्शांचे अर्थकारण असते. मुंबईच्या हाजीअली भागातील हिरा पन्ना बाजाराचे नाव अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०२१ च्या आपल्या ‘कुख्यात बाजारां’च्या यादीत घातले होते, तेथील नकली घड्याळांचा उल्लेख त्यात होता.

मुंबईतल्या एका बाजारातील नकली घड्याळांची दखल थेट वॉशिंग्टनमध्ये घेतली जाते, यातच प्रश्नाचे मर्म आहे. कारण खुद्द भारतीय कायदाही या बाबतीत तितकाच जागरूक आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे तुरुंगवास, शिवाय किमान ५० हजार ते कमाल दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. न्यायालयाने विशेष कारणे नोंदवली तरच किमान शिक्षा कमी होते. उपअधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटाविना झडती आणि जप्तीचा अधिकार आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम तर घड्याळाचा नावानिशी उल्लेख करते. तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीने घड्याळे जप्त झाली, तर ती तस्करीची नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर येते. सोन्याच्या पंगतीला घड्याळ बसवून कायद्याने पुराव्याचे ओझे उलटवले. दुसरीकडे, १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेल्या व्यापार कराराने स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने संपवण्याचे मान्य केले. उंची घड्याळ स्वस्त व्हावे, ते अस्सल असावे आणि त्याचे नाव सुरक्षित राहावे, यासाठी राज्यसंस्था अशी तिहेरी दक्ष आहे.

ही दक्षता वाईट आहे असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की तीच राज्यसंस्था गंगाखेडच्या काळ्या जमिनीत पडणाऱ्या दाण्याबद्दल किती दक्ष आहे?

१९६६ च्या बियाणे कायद्याचे १९ वे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. कायदा मोडून बियाणे विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याबद्दल ५०० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही! बीटी कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या एका पाकिटाची सरकारने २०२४ च्या हंगामासाठी ठरवलेली कमाल किंमत ८६४ रुपये होती. म्हणजे पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड एका पाकिटाच्या किमतीपेक्षाही कमी. घड्याळाच्या नावासाठी किमान ५० हजार, आणि शेतकऱ्याच्या हंगामासाठी कमाल ५००! शिवाय पहिल्या कायद्यात किमान शिक्षा आहे. दुसऱ्यात केवळ कमाल. हा मसुदा लिहिणाऱ्याच्या हातून झालेला हस्तदोष नव्हे. ज्याचे नुकसान होते त्याचा आवाज संसदेत किती पोहोचतो, याचे ते मोजमाप आहे. नवे बियाणे विधेयक २००४ साली राज्यसभेत मांडले गेले. ते कायदा झाले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक मसुदा केंद्राने प्रसिद्ध केला आणि त्यात दंड वाढवण्याचा प्रस्ताव ठेवला. परंतु दंड सरकारी तिजोरीत जातो. वाया गेलेला हंगाम त्याने परत येत नाही.

पुराव्याचे ओझेही येथे उलटे आहे. घड्याळ हातात राहते. ते दहा वर्षांनीही उघडून पाहता येते. बियाणे मातीत जाते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. शेतकरी सगळे बियाणे पेरून मोकळा होतो. तपासणीसाठी नमुना मागे ठेवायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बियाणे कंपन्यांनी वर्षानुवर्षे याच मुद्द्यावर ग्राहक न्यायालयांत बचाव केला, की प्रयोगशाळेचा अहवाल नाही म्हणून दोष सिद्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात हा बचाव अमान्य केला. शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याने सर्व बियाणे पेरलेले असताना नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असे स्पष्ट केले. निर्णय मोलाचा, पण तो मिळवण्यासाठी शेतकऱ्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही, अशा तक्रारींचा इतका पूर लोटला, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. न्यायालयाने स्वतःहून दखल घ्यावी लागणे, याचा अर्थ ज्यांनी ती आधी घ्यायची त्यांनी घेतली नव्हती.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. घड्याळ हे यंत्र आहे, बियाणे हा जीव आहे. पाऊस कमी-जास्त झाला, पेरणी खोल गेली, तरी ते उगवत नाही. मग विक्रेत्याला दोष कसा द्यायचा? बियाणे अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या कक्षेत येते, १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवानाही रद्द होऊ शकतो, असेही सांगितले जाते. हे सर्व खरे आहे. परंतु उगवणक्षमता मोजणे हे रोलेक्सचे भिंग तपासण्याहून अवघड मुळीच नाही. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि शासनाची बीज परीक्षण प्रयोगशाळाही आहे. शास्त्र आहे, माणसे आहेत, जागा आहे. उणीव आहे ती निकालाच्या वेळेची. पेरणी झाल्यावर हाती येणारा अहवाल म्हणजे अंत्ययात्रेनंतर येणारा वैद्य होय. पावसाचा दोष पावसाला द्यावा. पण पाऊस पडण्यापूर्वीच जो दाणा मेलेला होता, त्याचा दोष ढगांवर ढकलू नये.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. घड्याळाच्या बाबतीत सीमाशुल्क कायद्याने जे केले तेच बियाण्याच्या बाबतीत व्हावे: पंचनाम्यात उगवण प्रमाणाहून कमी आढळली, की बियाणे निर्दोष होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर यावी. शिक्षा व्यापारचिन्हाच्या शिक्षेहून कमी नसावी. भरपाईत केवळ पिशवीची किंमत नव्हे, तर मशागत, खत, मजुरी आणि बुडालेले पीक धरले जावे. विक्रीस आलेल्या प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल पेरणीपूर्वी गावच्या चावडीवर लागावा.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. मे महिन्यात गावोगावी उगवणचाचणी घेता येते, आणि तिला भिंग लागत नाही की तज्ज्ञ लागत नाही. ओले गोणपाट पसरावे, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि ओल टिकवावी. आठवड्याने निरोगी कोंब मोजावेत. सोयाबीनचे किमान ७० दाणे उगवले पाहिजेत, हे प्रमाणित बियाण्याचे मान्य प्रमाण आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. ‘सत्यतादर्शक’ बियाण्याचा टॅग हिरवा असतो आणि त्याची हमी केवळ कंपनी स्वतः देते, हा भेद प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक हवा. पक्के बिल, त्यावर लॉट क्रमांक, रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे, एवढे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायला सांगावे. उगवण झाली नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी आणि पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याला एकटे सोडू नये. एकट्याची तक्रार फायलीत जाते. पन्नास जणांची तक्रार तहसीलच्या दारात उभी राहते.

नकली घड्याळाने ज्याचे नुकसान होते त्याची बाजू मांडायला वकील आहेत, परराष्ट्र खाती आहेत, व्यापारी करार आहेत. नकली बियाण्याने ज्याचे घर बुडते त्याच्या बाजूला संघटनेवाचून दुसरे कोणी नाही. या देशात अस्सल आणि नकली यांतला फरक ओळखणारे डोळे पुरेसे तीक्ष्ण आहेत. ते मनगटावरून उचलून मातीकडे वळवायला भाग पाडणे, हे चळवळीचे काम आहे, आणि गंगाखेडच्या शिवारात त्याची वेळ मृगाच्या आधीची आहे.